घराकडचा शेवटचा टप्पा

सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्या माणसांची पाठ समुद्राकडे असते. पवना, इंद्रायणी आणि भामा या आपल्या परिसरातील तिन्ही नद्या डोंगरात उगम पावतात. अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे वळत नाहीत आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघून जातात. या नद्यांच्या आसमंतात वाढलेल्या पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या गावांची ओळखही लोखंडाची, रबराची, रंगाची आणि यंत्रांची आहे. शिडाची आणि सुकाणूची नव्हे. तरीही शाळेच्या या स्मरणिकेत आम्ही समुद्राविषयी लिहीत आहोत, आणि त्यातही दीर्घ सफरीच्या केवळ शेवटच्या टप्प्याविषयी. त्याचे कारण प्रारंभीच सांगितले पाहिजे.

आम्ही म्हणजे दहावीच्या एकाच तुकडीतील सहा मित्र. लेखणी एकाच्या हाती असली तरी मजकूर सहाही जणांच्या बोलण्यातून आलेला आहे. वसतिगृह सोडल्यावर आम्ही या औद्योगिक पट्ट्यातच स्थिरावलो. कोणी भोसरीत टूलरूममध्ये आहे, कोणी चाकणला पेंटशॉपमध्ये, कोणी तळवड्यात सुट्या भागांच्या तपासणीवर. दोघे शिक्षक झाले आणि एकजण चाकणहून न्हावा-शेवा बंदरापर्यंत कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दरवर्षी जानेवारीतील एका रविवारी, सकाळची वंदना आटोपली की, दहावीच्या मुलामुलींसोबत आम्ही दोन तास बसतो. गुरुजनांनी हे काम आमच्यावर सोपवले आहे. सुरुवातीची काही वर्षे आम्ही परीक्षेची तयारी, आयटीआयचे प्रवेश, शिकाऊ उमेदवारी यांविषयी सांगत असू. पुढे आम्ही जगाचा नकाशा सोबत नेऊ लागलो. त्यावर बोट ठेवून आम्ही कमांडर दिलीप दोंदे यांच्या सागर परिक्रमेची हकिकत सांगतो; आणि ती मुंबईपासून नव्हे, केपटाऊनपासून सांगतो.

ही हकिकत आम्हांला आमच्या ट्रेलरवाल्या मित्राने दिली. मे २०१० मध्ये न्हावा-शेव्याच्या फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत थांबला असता त्याच्या हाती वर्तमानपत्र आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय १९ मे रोजी मुंबईस परतला, अशी ती बातमी होती. त्याने कात्रण जपून आणले आणि आम्हांला एकच प्रश्न विचारला, "शेवटच्या बंदरातून घराकडे निघताना माणूस निवांत असेल का रे?" त्याने हाच प्रश्न का विचारावा, ते पुढे येईल. त्या वेळी उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते मिळवण्यासाठी आम्ही जे वाचत आणि विचारत गेलो, त्याचे सार येथे देत आहोत.

या परिक्रमेची कल्पना व्हाईस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे नौसेनाधिकारी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी राहत. म्हणजे भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालावा, हे स्वप्न ज्याने उराशी धरले, तोही आपल्याप्रमाणेच घाटमाथ्याच्या अलीकडचा रहिवासी होता. नौका गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, लाकूड आणि फायबरग्लास वापरून बांधली गेली. लांबी ५६ फूट. गोव्याच्या नदीवरून तिचे नाव ठेवले 'म्हादेई'. फायबरचे साचे, राळ, पॉलिशचा कागद यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्या आमच्यासारख्यांना या कामातील कष्ट सांगावे लागत नाहीत. साच्यातला एक बुडबुडा डोळ्यांआड झाला, तर आमच्याकडे माल परत येतो. समुद्रात नौका परत येत नाही.

प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. जेथून निघायचे तेथेच परतायचे. विषुववृत्त ओलांडायचे, सर्व रेखावृत्ते पार करायची, सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळीक घ्यायची नाही, आणि हा सारा प्रवास शिडांच्याच बळावर करायचा. अंतर निदान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. हा आकडा मुलांना फार आवडतो, कारण तो त्यांना स्वतः काढता येतो. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाची ६० मिनिटे, आणि पृथ्वीच्या परिघावरील एका मिनिटाचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार केला की २१,६००. किलोमीटरमध्ये सुमारे ४०,०००. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन ही त्यांची चार थांब्यांची बंदरे. केपटाऊनपासून मुंबईपर्यंतचा टप्पा शेवटचा.

नकाशावर बोट केपटाऊनला आले की वर्गातील कोणीतरी हमखास म्हणते, "मग आता काय, घरच आले!" केप हॉर्न मागे पडलेले असते, दक्षिण महासागरातील डोंगराएवढ्या लाटा मागे पडलेल्या असतात. उरलेले अंतर आधीच्या प्रवासापुढे थोडे दिसते. पण ते चार हजारांहून अधिक सागरी मैलांचे आहे, आणि त्यात समुद्राची चार निरनिराळी रूपे आहेत.

केपटाऊन सोडल्यावर प्रथम आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडावे लागते. तेथे अगुल्हास नावाचा उष्ण प्रवाह किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडे वाहतो. वारा समोरून, नैर्ऋत्येकडून आला की प्रवाह आणि वारा एकमेकांवर आदळतात आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. तो भाग चुकवत दक्षिणेस राहून पूर्वेकडे जायचे, मग उत्तरेस वळून आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पकडायचे. त्यांच्या आधाराने काही आठवडे वाटचाल बरी होते. पुढे विषुववृत्ताच्या आसपास वारा पडतो. शिडे लोंबकळतात, डोलकाठी नुसतीच हेलकावे खाते, आणि मध्येच काळा ढग येऊन पाच मिनिटांत सगळे उलथेपालथे करून जातो. त्यानंतर अरबी समुद्र. एप्रिल-मे महिन्यांत तेथे वारा मंद, ऊन कडक, आणि मागे मान्सून उभा. त्या वर्षांत पश्चिम हिंदी महासागरात सोमाली चाच्यांचा उपद्रवही मोठा होता. दक्षिण महासागराने कणखर केलेल्या माणसाला येथे निराळेच गुण लागतात: थांबण्याचे, वाट पाहण्याचे, आणि रोज त्याच त्या दोरांकडे नव्याने बघण्याचे.

मान्सूनचे बंधन किती कडक आहे, हे तारखांवरून कळते. दोंदे परतले १९ मे २०१० रोजी. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नौकेतून प्रदक्षिणेस गेल्या. त्या गोव्यास परतल्या २१ मे २०१८ रोजी. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून गेल्या. त्या १५ एप्रिल २०२५ रोजी केपटाऊनहून निघाल्या आणि २९ मे रोजी गोव्यास पोचल्या. तिन्ही सफरींचा शेवट मे महिन्याच्या उत्तरार्धात आहे. केप हॉर्न तिकडच्या उन्हाळ्यातच, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत ओलांडावे लागते, आणि घर जूनच्या आत गाठावे लागते. कोकणात पावसाच्या तोंडाला आगोट म्हणतात. आगोटीपूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून घ्यायची, ही तेथील जुनी रीत. जगाला वळसा घालून येणारी नौकादेखील त्याच आगोटीच्या हुकमाखाली असते.

शेवटच्या टप्प्यात घाई केली तर काय होते, याचे उदाहरण १९६८-६९च्या पहिल्या एकट्याच्या, न थांबता करायच्या प्रदक्षिणेच्या शर्यतीत मिळते. नऊजण निघाले, एकच पोचला. नायजेल टेटली हा ब्रिटिश नौसैनिक केप हॉर्न ओलांडून अटलांटिकमध्ये परतला होता. जाताना आखलेली स्वतःची वाट ओलांडून त्याने पृथ्वीचे वर्तुळ पूर्णही केले होते. पण मागून एक प्रतिस्पर्धी वेगाने येत आहे असे त्याला कळवण्यात आले होते. वस्तुतः तो प्रतिस्पर्धी खोटी ठिकाणे कळवत होता आणि प्रदक्षिणेस गेलेलाच नव्हता. टेटलीने आधीच खिळखिळी झालेली नौका दामटली. २१ मे १९६९ रोजी अझोर्स बेटांजवळ ती फुटली आणि बुडाली. टेटली वाचला; घर तेथून सुमारे अकराशे सागरी मैल राहिले होते.

त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिये हा फ्रेंच खलाशी केपटाऊनजवळून जाणाऱ्या एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी टाकून कळवता झाला की, तो घरी परतणार नाही. युरोपात त्याचे स्वागत ठरलेले होते. तो तसाच पूर्वेकडे जात राहिला आणि ताहिती बेटावर जाऊन थांबला. मुलांना हा माणूस आवडतो, आणि आम्हांलाही तो नावडत नाही. घरी जाणे सोपे असते असे समजणाऱ्यांनी त्याची गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. जो एकटा पोचला, तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो इंग्लंडमधील फालमथ बंदरात शिरला. त्याची ३२ फुटी 'सुहेली' सर्वांत मंद नौकांपैकी एक होती, आणि ती बांधली होती मुंबईत, सागवानी लाकडात. याच नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुढे दोंदे यांना मार्गदर्शन केले.

'तारिणी'च्या पहिल्या सफरीत तर शेवटच्या टप्प्यावरच सुकाणूची यंत्रणा बिघडली. केपटाऊनहून निघालेल्या नौकेने ठरल्याप्रमाणे थेट गोव्यास यायचे होते. सुकाणू धड नसताना घराची ओढ धरून पुढे रेटता आले असते; त्या सहाजणींनी एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या बंदरात नौका नेली, दुरुस्ती करून घेतली, आणि मग पुन्हा गोव्याची वाट धरली. योजनेत नसलेला हा थांबा त्यांच्या प्रदक्षिणेत उणेपणा आणत नाही. आमच्या मते त्या संपूर्ण सफरीतील तो फार शहाणा निर्णय होता.

आता आमच्या मित्राविषयी. तो बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातला. दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला आम्ही सारे वल्लभनगरच्या एसटी स्थानकातून आपापल्या गावी गेलो. सुट्टी संपल्यावर पाचजण परतलो, तो आला नाही. त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. आईचा हात मोडला होता. एक कोयता म्हणजे दोन माणसे; आईच्या जागी कोणीतरी उभे राहिल्याखेरीज उचल फिटणार नव्हती. तो उभा राहिला. वर्गात तो आमच्या पुढे होता. गणिताची आमची वही त्याच्याकडून तपासून जात असे. नऊ वर्षांची शाळा झाली होती. चार महिने उरले होते.

आमचे गुरुजी आणि वसतिगृहाचे अधीक्षक मुकादमाचा ठावठिकाणा काढून सांगली जिल्ह्यातील फडावर गेले. पुढची हकिकत आम्हांला मित्रानेच सांगितली. कोपीपुढे पाचट पेटवून चहा झाला. वडील मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटले, आता गुरुजी मुलाला न्यायला आग्रह करणार आणि आपल्याला नाही म्हणावे लागणार. गुरुजी म्हणाले, "दादा, आज त्याला नेत नाही. तुमची अडचण आम्हाला दिसतेय. फक्त एवढंच सांगायला आलोय, की त्याची पेटी आम्ही हलवलेली नाही. कॉटखाली आहे तशी आहे." वडिलांनी विचारले, "किती दिवस ठिवाल, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "तो येईपर्यंत." मग त्यांनी पुस्तकांचे एक गाठोडे मुलाच्या हाती दिले आणि ते दोघे रात्रीच्या गाडीने परतले.

आम्ही परीक्षा देऊन पांगलो. हंगाम संपल्यावर तो आला. पुढच्या हंगामात आईचा हात बरा झाला, तेव्हा त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला. दिवसा जवळच्या कारखान्यात मालाची चढ-उतार केली, रात्री वसतिगृहाच्या अभ्यासिकेत बसला, आणि एक वर्ष उशिराने दहावी उत्तीर्ण झाला. त्याच्या गुणपत्रिकेवर 'खासगी विद्यार्थी' म्हणून नोंद होती. आमच्या लेखी त्याला अर्थ नाही. आज तो आमच्यापैकी एकटाच असा आहे, की ज्याला आठवड्यातून दोनदा समुद्र दिसतो.

त्याने तो प्रश्न का विचारला, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. शेवटच्या बंदरातून निघणारा माणूस निवांत नसतो, आणि नसावा. निघणे हे पहिल्या दिवशीचेच नसते. प्रत्येक बंदरातून नव्याने निघावे लागते. केपटाऊनला थांबलेल्या नौकेचे काम पाहिले तर ते मुंबई सोडण्यापूर्वीच्या कामापेक्षा कमी नसते. डोलकाठीवर चढून प्रत्येक तार तपासायची, झिजलेले दोर बदलायचे, शिडे शिवायची, पाणी आणि शिधा मोजून भरायचा. फरक एवढाच की, पहिल्या वेळी नौका नवी असते आणि मन ताजे. शेवटच्या वेळी दोन्ही थकलेली असतात, आणि मन तर नौकेच्या पुढे धावून घरी पोचलेले असते. आमच्या कारखान्यांतही जुने कामगार नव्या पोरांना हेच बजावतात, की प्रेसवर बसला असशील तर शिफ्ट सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे बघू नकोस.

वसतिगृहातील मुलाला घराची ओढ काय असते, ते दुसऱ्यांनी सांगायला नको. सुट्टीच्या आदल्या रात्री आम्हांपैकी कोणी झोपत नसे. पण घर हेही बंदरच आहे, आणि तेथेही अडचणी नांगर टाकून बसलेल्या असतात. आजारपण असते, उचल असते, मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी असतात. दहावीच्या मुलांचा शेवटचा टप्पा दिवाळीनंतर सुरू होतो. नकाशावर तो आखूड दिसतो. पहिलीपासून पार केलेल्या अंतरापुढे चार महिने काय ते! म्हणूनच सर्वांचे लक्ष तेथे सैल होते, पालकांचे, शिक्षकांचे आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांचेही. पाचवीत आलेल्या नव्या मुलाला रडू आले तर दहाजण धावतात. दहावीतला मुलगा सुट्टीवरून चार दिवस उशिरा आला तर 'येईल, मोठा आहे' असे आपण म्हणतो.

'म्हादेई' मुंबईस आली, तरी तिची सफर संपली नव्हती. त्याच नौकेतून कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोठेही न थांबता प्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. दोंदे यांनी स्वतःच्या सफरीनंतर त्यांच्या तयारीत साहाय्य केले. जो पोचला त्याने पुढच्याची तयारी करून द्यायची, ही रीत आम्हांला घेण्यासारखी वाटते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या तुकडीने एक ठरवले आहे, आणि इतर तुकड्यांनीही त्याचा विचार करावा अशी विनंती आहे. जानेवारीतील आमची बैठक चालू राहील. पण तेव्हा समोर बसलेली मुले ही परत आलेली मुले असतात. म्हणून यापुढे दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही शाळेत येऊ, अधीक्षकांकडून न परतलेल्या मुलामुलींची नावे घेऊ, आणि दोघादोघांनी त्यांच्या गावी किंवा फडावर जाऊ. गाडी आमचा मित्र देणार आहे. एखाद्याला लगेच आणता येणार नाही, हे आम्ही जाणतो. अशा वेळी काय सांगायचे ते गुरुजींनी आम्हांला शिकवून ठेवले आहे.